बारवेवर बसवलेला देव

घाणीची किळस मला येत नाही. नोकरीच तशी केली. आधी चकलांब्याला, मग तलवाड्याला आणि आता इथं गावातच, उपकेंद्रात नर्स म्हणून वर्षं काढली. पू, रक्त, लेकरांची हगवण, पिऊन आलेल्यांच्या उलट्या हे सगळं या हातांनी पुसलं आणि त्याच हातांनी, साबण लावून, घरी येऊन भाकरी थापल्या. नाकाला पदर लावणाऱ्या नवीन पोरींना मी रागवायचे. पण नेकनूरजवळ आमच्या वस्तीसमोर जे देऊळ उभं राहिलंय, त्याच्याकडे बघितलं की मला मळमळतं. बोलायची रीत म्हणून सांगत नाही, खरंच मळमळतं.

देऊळ व्हायच्या आधी तिथं बारव होती. फार मोठी नव्हे. पुस्तकात फोटो यावा अशी तर मुळीच नव्हे. चौकोनी, काळ्या दगडात बांधलेली पायऱ्यांची विहीर. पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, आत कोनाडे, कोनाड्यांत पारव्यांची वस्ती. वर काठाला जनावरांना पाणी पाजायचा हाळ, म्हणजे एकाच दगडात कोरलेला लांबट हौद. हाळाच्या शेजारी कमरेएवढे तीन दगड उभे. शिकलेली माणसं त्यांना वीरगळ म्हणतात, आमच्याकडं नुसतं वीराचे दगड. त्यातल्या मधल्या दगडावर खाली गाईंची रांग, तिच्यापुढं भाला घेतलेला माणूस. त्याच्या वर तोच माणूस मेलेला, दोन बायका त्याला वर नेताहेत. आणि सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला. गुरं पळवायला आलेल्यांशी लढून मेला बिचारा. कोण, कुठला, कधीचा, कुणालाच ठाऊक नाही. त्याची पूजा कुणी करत नव्हतं. शेळ्या त्याला पाठ घासायच्या. मला तेच आवडायचं. गुरांसाठी मेलेल्या माणसाला जनावरांची सोबत होती आणि कुणाचा नवस नव्हता.

बारव सगळ्यांची असली तरी खरी वापरायचे ते माझे थोरले दीर. त्यांची मेंढरं होती. घरातली बाकी माणसं शेताला, नोकरीला लागली, पण त्यांनी मेंढरं सोडली नाहीत. उन्हाळ्यात आसपासचे बोअर खडखडीत कोरडे पडायचे तेव्हासुद्धा बारवेत पाणी असायचं. दीर पोहऱ्यानं पाणी ओढून हाळ भरायचे आणि 'हुर्र, या या या' अशी हाळी द्यायचे. ती ऐकली की मेंढरं माना वर करून धावत यायची. ते पाणी होतं म्हणून कळप होता. दीर स्वतःच म्हणायचे, "बारव हाय तवर मेंढरं हायती."

अर्थात हे ते मला म्हणायचे नाहीत. आमच्यात थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं. नोकरी करा, सुया टोचा, बाळंतपणं करा, घरी आल्यावर पदर डोक्यावर. चहा झाला की मी भिंतीला सांगायचे, "म्हणावं, चहा ठिवलाय." ते माझ्याकडं न बघता म्हणायचे, "धाकटे, साखर कमी घालीत जा." माझ्याशी न बोलण्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकाला बरीच नावं ठेवली.

बारवेच्या तिन्ही बाजूंची जमीन गावातल्या बड्या घराण्याची. पुढारीपण त्या घरात बी-बियाण्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. आताच्या कर्त्या पुरुषाला सगळे मालक म्हणतात, मीही मालकच म्हणते. मालकांनी जमिनीचं प्लॉटिंग काढलं. आधी कमान आली. कमानीवर नारळाची झाडं आणि गोऱ्या बायकोसोबत हसणारा गोरा नवरा. असलं जोडपं या रस्त्यावरून कधी गेलेलं मी तरी पाहिलं नाही. खाली लिहिलेलं, 'निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर'. कमान उभी राहिली त्याच आठवड्यात बांधावरचे सगळे कडुलिंब तोडले. निसर्गाची कूस मोकळी केली म्हणायची. मग चुन्याच्या रेघा पडल्या आणि एक रेघ थेट बारवेतून गेली. तिथं म्हणे अंतर्गत रस्ता येणार.

मी सरकारी माणूस, म्हणून आधी सरकारकडं गेले. एका टेबलानं दुसरं टेबल दाखवलं, दुसऱ्यानं तिसरं. शेवटच्या टेबलावरचा साहेब गोड बोलला, "मॅडम, भावना समजतात, पण ही बारव संरक्षित नाही ना." म्हटलं, मग संरक्षित करा. म्हणाला, "संरक्षित असती तर केली असती." हे वाक्य मी येताना बसमध्ये आणि घरी आल्यावरही सगळ्यांना सांगितलं, कुणालाच हसू आलं नाही. इतिहासवाल्यांनाही फोन केला. ही मंडळी मागं एकदा रविवारी बीडहून आली होती, बारवेतलं गवत काढून बॅनर धरून फोटो काढून गेली होती. जाताना चहाचे प्लास्टिकचे पेले पायऱ्यांवर सोडून गेली, ते मी गोळा केले. फोनवर त्यांच्या म्होरक्यानं मला सांगितलं, "ताई, निवेदन द्या, आम्ही ग्रुपवर टाकतो." टाकलं असेल. हात जोडलेली बरीच चित्रं आली असतील.

मग जेसीबी आला. मी त्या दिवशी घरी होते. पहिल्याच धक्क्यात हाळाचं एक टोक फुटलं. तो आवाज आमच्या ओट्यावर ऐकू आला. दीर मेंढरं घेऊन जेसीबीपुढं उभे राहिले, ड्रायव्हरला म्हणाले, "कावून पाडायलास बे? तुझ्या बापाची हाय का?" ड्रायव्हर म्हणाला, "बापाची न्हाई काका, मालकाची हाय. जेवून येतो तवर बाजूला व्हा."

तो जेवायला गेला आणि दीर घरात शिरले. थेट स्वयंपाकघरात. मी पदर सावरते न सावरते तोच त्यांनी माझ्या फोडणीच्या तेलाची वाटी उचलली, देव्हाऱ्यातून शनिवारच्या मारुतीसाठी आणलेली शेंदराची पुडी घेतली आणि गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि तिन्ही दगडांना दोन्ही हातांनी फासला. वरपासून खालपर्यंत. गाई गेल्या, भाला गेला, वर नेणाऱ्या बायका गेल्या. तीन लालभडक ठोंब राहिले. त्यांच्यापुढं त्यांनी एक लिंबू आणि फुटलेल्या हाळाचा तुकडा ठेवला.

ड्रायव्हर दात कोरत आला, दगड पाहिले आणि थबकला. इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले. "काका, आदी सांगायचं की देव हाय म्हणून," तो म्हणाला. "आपल्याला लेकरंबाळं हायती. मी न्हाई हात लावत." आणि जेसीबी घेऊन निघून गेला.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कागद दाखवा, कोर्ट दाखवा, माणूस हसतो. शेंदूर दिसला की चपला काढतो. रस्ता रुंद करताना घरं पाडतात पण शेंदराच्या धोंड्याला वळसा घालतात. दीर खूश झाले. लाल हात धुवायचेही विसरले. त्या भरात त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून सांगितलं, "बघ धाकटे, तुझ्या साहेबांच्यानं जे झालं न्हाई ते चिमूटभर शेंदरानं झालं."

दगडावरून तेल ओघळत होतं. मीही त्यांच्याकडं बघून पहिल्यांदा सरळ बोलले, "भाऊजी, दगड होता तवर तो आपला होता. आता देव केलाय तुम्ही. देव मोठ्यांचा असतो." दिरांचा चेहरा पडला. मी काय म्हणाले यापेक्षा मी बोलले याचंच त्यांना जास्त लागलं असावं. घरात दोन दिवस माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही.

मालक दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरले. मला वाटलं आता भांडण होणार. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शेंदूर पाहिला, दिरांकडं पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. मग त्यांनी बूट काढले, डोळे मिटले आणि जमिनीला डोकं टेकवलं. मागच्या चौघांनी टेकवलं. उठून दिरांना मिठी मारली. "आमच्या जमिनीत देव परगटला आन आमाला पत्ता न्हाई! तुमी आमचे डोळे उघडले." दीर अवघडून उभे. आयुष्यात मालकांच्या घरातल्या कुणी त्यांच्या खांद्याला हात लावला नव्हता, आता गळ्यात पडले होते.

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की आजही तोंडात कडवट पाणी येतं. कमानीवर 'जागृत देवस्थानाच्या सान्निध्यात' असं नवं फ्लेक्स लागलं. प्लॉट घ्यायला आलेल्या बीडच्या लोकांना आधी दर्शन, मग नकाशा. देव नेमका कोण यावर महिनाभर वाद चालला. कुणी म्हसोबा म्हणे, कुणी खंडोबा, तीन आहेत म्हणून कुणी दत्त. देव कोण ते ठरायच्या आधी दानपेटी ठरली. आमच्याच वस्तीतल्या बाया, ज्या त्या दगडाला टेकून शेंगा सोलायच्या, त्या लांबूनच हात जोडायला लागल्या. आणि रोज कुणी ना कुणी नवा शेंदूर चढवी. थरावर थर. गाईंची शिंगं अजून बोटाला लागत होती, हळूहळू तीही लागेनाशी झाली.

मला राहवलं नाही. एका दुपारी मी रॉकेलची बाटली, जुना सुती कपडा आणि चमचा घेऊन गेले. मधल्या दगडाचा खालचा कोपरा पुसायला घेतला. शेंदूर सुटत होता. एक खूर दिसला, मग पोट. मला इतका आनंद झाला की मागं माणसं जमलेली कळलीच नाहीत. "देवाला राकेल लावायलीस व्हय गं? नर्स हायस का कोण हायस?" एक जण ओरडली. दुसरी म्हणाली, "हिच्या घरातच देव जागा झाला आन हिलाच त्येचं सोसंना." मी म्हटलं, अगं, हा देव नाही, बघ, ही गाय आहे, ही लढाई आहे. कुणी वाकून बघितलं नाही. तेवढ्यात दीर आले. मला वाटलं, हे तरी सांगतील. शेंदूर त्यांनीच फासलेला, माझ्या वाटीतल्या तेलात, माझ्यासमोर. त्यांनी माझ्या हातातला कपडा ओढून घेतला आणि कानाला हात लावून दगडाची माफी मागितली. नाटक नव्हतं ते. स्वतः लावलेल्या शेंदराला माणूस खराखुरा घाबरला होता.

त्या क्षणी मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. किळस आली.

पण बारव अजून उघडी होती. दिरांची आशा तिच्यावरच. फुटक्या हाळात अर्धंच पाणी राहायचं, तरी मेंढरं पीत होती. "मालकांनी शबूद दिलाय," दीर भिंतीला सांगायचे, म्हणजे पुन्हा भिंतीमार्फत मला. "बारवंला हात लावायचा न्हाई. देवाचीच हाय म्हनले ती." मग देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसली. जीर्ण काय होतं आणि उद्धार कशाचा, हे विचारायला मी गेले. मालकांनी मला पुढं खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, तुमीच आमच्या घरोघर येऊन काय सांगता? साठलेलं पानी झाका, डास होत्यात, डेंगू होतो. मग बारव उगडी कशी ठिवायची? उद्या प्लॉटमदी लेकरं खेळणार. एखादं पडलं तर जबाबदार कोण, तुमी?" सगळे माझ्याकडं बघून माना हलवायला लागले. मी सांगितलं की डास होऊ नयेत म्हणून त्या बारवेत गप्पी मासे मी स्वतः सोडलेत, जाळी बसवा, कठडा बांधा, विहीर कशाला झाकता. "कठडा कशाला, पक्कं कामच करू की," मालक म्हणाले. माझीच शिकवण माझ्या तोंडावर फेकून ते हसत होते. दिरांना त्यांनी समितीचं अध्यक्ष केलं. दीर खाली मान घालून बसले होते.

बारवेवर स्लॅब पडला. कोनाड्यांतले पारवे आधी हाकलले का, मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. स्लॅबवर देऊळ. आत तिन्ही दगड निम्म्यापर्यंत सिमेंटमध्ये पुरले, म्हणजे गाई कायमच्या गेल्या. वरच्या भागाला ऑइलपेंट, चांदीचे डोळे, आणि भोवती न्हाणीघराला लावतात तसल्या निळ्या फरशा. स्टीलचा कठडा. हाळाचं फुटकं टोक सिमेंटनं लिंपलं आणि आत माती भरून शोभेची झाडं लावली. बाहेर संगमरवरी पाटी, पाटीवर मालकांच्या घरातली झाडून सगळी नावं. जन्माला यायचं होतं तेवढं एक नातवंड राहिलं असेल.

लोकार्पणाला मांडव, लाऊडस्पीकर, बुंदी. मालकांनी माइकवर सांगितलं की या माऊलीनं देव शोधला, आणि दिरांना शाल-नारळ दिला. मी मागं बायकांत उभी होते. दिरांच्या अंगावर ती चमचमती शाल आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी त्यांच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मेंढरं आमचे हे राखायला घेऊन गेले होते. संध्याकाळी कार्यक्रम चालू असतानाच ते परतले. उन्हाळा होता, मेंढरं तहानलेली. मांडव असो की लाऊडस्पीकर असो, ती सवयीनं थेट हाळावर आली. हाळात तोंडं घातली. पाणी नव्हतं, मग शोभेची झाडं खाल्ली. मला हसू फुटलं, खरं सांगते, त्या दिवसातलं तेवढंच एक सुख. वॉचमन काठी घेऊन धावला. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, "कुनाची मेंढरं ही? देवाच्या जागंत लेंड्या टाकायलीत."

दीर व्यासपीठावरून उतरले. शाल सावरत कळपात शिरले आणि ओरडले, "हटा! हटा!" पण आवाज तोच होता, पाण्याला बोलावणारा. मेंढरं हटली नाहीत, उलट माना वर करून त्यांच्याभोवती गोळा झाली. शालीला नाकं लावायला लागली. दिरांनी वॉचमनच्या हातातली काठी घेतली आणि सगळ्यात पुढच्या मेंढीच्या तोंडावर मारली. मी त्यांना जनावराच्या तोंडावर मारताना कधी पाहिलं नव्हतं. मग मालकांकडं वळून ते म्हणाले, "माजी न्हाईत, मालक. धाकट्याची हायत."

आमचे हे ऐकत उभे होते. मेंढरं वळवून घेऊन गेले.

कळप नेकनूरच्या बाजारात विकला. पाजायला लांबच्या तलावावर न्यावं लागायचं आणि दिरांना सकाळ-संध्याकाळ आरती. विकायच्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत, देवळात बसून राहिले. प्लॉटवर घरं झाली. त्यांना बोअर पुरेना, टँकर येतो. देवाच्या अभिषेकाला पिण्याच्या पाण्याचा जार विकत येतो, कारण टँकरचं पाणी देवाला चालत नाही म्हणतात. त्या फरशांच्या आणि स्लॅबच्या खाली बारव तशीच भरलेली आहे.

परवा सकाळी दीर आमच्या दारात आले. जारवाला आला नव्हता. हातात तांब्याचा कलश, कपाळाला शेंदूर. आता ते भिंतीला बोलत नाहीत, सरळ मला बोलतात. "धाकटे, कळशीभर पानी दे. देवाची आंघोळ राहिलीय."

माझ्यासमोर माठ होता, हंडे भरलेले होते. मी म्हटलं, "तुमच्या देवाच्या पायाखाली बारव हाय भाऊजी. तिच्यातलं काढा."

ते उभेच राहिले. आमच्या भागात दाराशी आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. वैऱ्याला म्हणत नाहीत, चोराला म्हणत नाहीत. मीही जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, बोलून झाल्यावर देईल. मी हंड्यावर झाकण ठेवलं आणि कामावर जायला निघाले. ते रिकामा कलश घेऊन रस्ता ओलांडून गेले.